खुणेचा डबा

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच हाताची चीड येते. त्या हाताने मी एका भल्या माणसाच्या थोबाडीत दोन दिल्या होत्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. जुन्नर ठाण्यात फौजदार म्हणून मी नवाच होतो. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांना तेव्हा मोटाररस्ता नव्हता. मीठ, गूळ, गोडं तेल सगळं जुन्नरच्या पेठेतून तट्टांवर जायचं. नेणारा पेठेतलाच एक मुसलमान गृहस्थ, वय साठीच्या आसपास. डोंगरात लहानथोर त्याला चाचाच म्हणत.

तेलाची रीत ठरलेली होती. प्रत्येक घराचा स्वतःचा पत्र्याचा डबा असायचा आणि बुडाशी खिळ्याने ओरखडलेली त्या घराची खूण. चाचा रिकामे डबे खाली आणायचा, व्यापारी ते भरून द्यायचा, आणि ज्याचा डबा त्याच्या घरी पोचायचा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

ज्येष्ठात एके सकाळी एका वाडीचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, बारशाच्या जेवणातनं इखबाधा झाली. बाळंतीण गेली, तिचा सासरा गेला. धा-बारा माणसं आडवी पडल्यात."

आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन मी हवालदारासह निघालो. वाडीत पोचलो तेव्हा तान्हं पोर शेजारणीच्या पदराखाली होतं. पंचनाम्यात पुऱ्या तळलेल्या तेलाचा डबा जप्त केला. डब्यावरची खूण त्या घराची नव्हती. बाळंतिणीच्या नवऱ्याने सांगितलं, तेल त्याच्या सासूने, म्हणजे बाळंतिणीच्या आईने पाठवलं होतं. ती पलीकडच्या वाडीत तापाने पडली होती, बारशाला येणं जमलं नाही, म्हणून तिने चाचाला निरोप दिला होता की माझा डबा भरून आला की लेकीकडे टाक.

जुन्नरला परतलो तर पेठेतला एक दुकानदार खबर घेऊन हजर. "रावसाहेब, त्यो चाचा तेलात भेसळ करतो. समद्या पेठेला ठाव हाय." त्याला चाचाचा धंदा डोळ्यांत खुपत होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला आरोपी हवा होता आणि तो आयता मिळाला.

चाचाला कोठडीत घातलं. त्याने एवढंच सांगितलं, "डबा म्याच पोचवला, साहेब."

"तेलात काय मिसळलंस?"

"काय बी न्हाई."

"मग विष आलं कुठून?"

यावर तो गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प, तिसऱ्या दिवशी गप्प. तेव्हाच माझा हात उठला. त्याने गाल चोळला नाही, फक्त म्हणाला, "डबा नीट बघाया पायजे व्हता. चूक माझी. तसं लिवा आन् मोकळं व्हा." मी तीच कबुली समजलो. बाळंतिणीची आईही निरोपांवर निरोप धाडत होती, माझ्या लेकीला मारणाऱ्याला फासावर चढवा म्हणून.

रासायनिक तपासणीचा अहवाल यायला तीन आठवडे लागले. तोवर पाऊस लागला, ओढे भरले. डोंगराकडे तट्टं हाकणारा माणूस माझ्या कोठडीत, त्यामुळे कितीतरी घरांनी पावसाळ्याचे ते पहिले दिवस अळणी कालवणावर काढले. अहवालात भेसळीचं नाव नव्हतं. पिकावर फवारायचं विषारी औषध निघालं होतं. व्यापाऱ्याच्या पिंपातलं तेल स्वच्छ, त्याच फेरीत गेलेले बाकीचे डबेही स्वच्छ. मला वाटलं, चाचाने याच डब्यात मुद्दाम विष घातलं. दोषारोपपत्रासाठी आईचा जबाब तेवढा राहिला होता.

चिखल तुडवत तिच्या वाडीवर गेलो. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, आजारातून उठून अर्धी झालेली. मुद्देमालाचा डबा पुढे ठेवला. तिने खुणेवरून बोट फिरवलं. "माजाच. दोन रेघा आन् टिंब."

रिवाजाप्रमाणे मी विचारलं, "डबा कधीचा?"

"नवाच की. जुना गळत व्हता. भाचा तिकडं अवसरी बुद्रुकला बागाईतदाराकडं कामाला हाय, त्यानं आणून दिला. बटाट्यावर मारायचं औषिद आलं व्हतं त्यात. म्या राखेनं तीनदा घासला, साहेब. आरश्यावाणी…"

आम्ही दोघांनी एकदमच त्या डब्याच्या शिवणीकडे पाहिलं, जिथे राख पोचत नाही. तिने तोंडावर पदर घेतला आणि जो आवाज काढला, तो मी नोकरीत पुन्हा कधी ऐकला नाही. जबाबावर तिचा अंगठा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पायी जुन्नरला आली. चाचाला सोडायचा हुकूम निघाला होता. तो ठाण्याच्या पायऱ्या उतरत होता, ती समोर उभी राहिली.

"चाचा, तुला ठाव व्हतं?"

"भरताना वास आला व्हता थोडा. नव्या पत्र्याचा आसंल म्हनलं. पोरगी गेल्यावर समजलं."

"मंग बोलला का न्हाईस? म्या तुला फाशी द्या म्हनत व्हते!"

"कोनत्या तोंडानं बोलू, बाय? तुझ्या हातानं तुझी लेक गेली म्हनू?"

म्हातारी पायरीवर बसली. चाचाही तिच्याशेजारी बसला. दोघं रडत होती आणि मी दारात टोपी हातात घेऊन उभा होतो. माफी मागायचं मनात होतं, पण त्या काळी फौजदार माफी मागत नसत. मीही मागितली नाही.

तपासाने मला एक व्यवहाराची गोष्ट शिकवली. पेठेतून वर जाणाऱ्या मालाचा भाव, वजन सगळे तपासतात. खाली येणारं रिकामं भांडं कुणी तपासत नाही. भाच्याने प्रेमाने दिलं, आईने घासलं, व्यापाऱ्याने भरलं, चाचाने पोचवलं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि मरण हातोहात त्या घरी गेलं. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथल्या तेलवाल्यांना मी रिकामे डबे हुंगायला लावले. लोक हसायचे.

दुसरी गोष्ट शिकायला मात्र फार उशीर झाला. गप्प बसलेला माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या केसच्या डायरीत माझ्या अक्षरात लिहिलं आहे, 'संशयित तपासात सहकार्य करीत नाही.' तो एका आईला त्या सत्यापासून वाचवत होता, आणि तेच तिच्या तोंडून वदवून घेतलं मी.