अक्काचे दोन ‘हो’

आज सकाळी माझी मोठी बहीण गेली. ती बरोबर वागली की चुकली, हे मला अजून कळलेलं नाही.

फोन येत आहेत. ‘थोर संशोधक होत्या’ म्हणतात. मी ‘हो’ म्हणतो आणि फोन ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आम्ही धुळ्याचे. आबा एसटीत ड्रायव्हर. घरात अहिराणी. मायला शुगर होती, आणि ऐंशीच्या दशकात आमच्या वस्तीत शुगर म्हणजे काय हे कुणाला धड माहीत नव्हतं.

मायच्या पायाचं बोट कापावं लागलं, तेव्हा अक्का कॉलेजात होती. तिने डॉक्टरांना विचारलं, रक्तात एवढी साखर आहे तर हिच्या अंगात ताकद का नाही?

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, साखर आहे गं, पण पेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत.

बस. तेवढ्या एका वाक्याने अक्का घरातून गेली.

आधी पुण्याला, मग पीएचडीला हैदराबादला.

इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन निरोप देतं. तो निरोप आत कोण नेतं, आणि मग पेशी साखर आत कशी घेते, हा तिचा विषय. आबांना तिने एकदा समजावलं होतं, कंडक्टरने दोरी ओढली की तुम्ही गाडी सोडता ना, तर ती दोरी कुठून कुठे जाते ते मी शोधते. आबांनी ते अख्ख्या डेपोत सांगितलं.

तिला ती दोरी सापडली. म्हणजे एक प्रोटीन सापडलं. परदेशातल्या जर्नलमध्ये पेपर आला. अमेरिकेतल्या एका लॅबने बोलावलं. वस्तीतल्या बुद्धविहारात सत्कार झाला, आणि मायने ज्याला त्याला धरून जिलेबी खायला लावली. स्वतः मात्र खाल्ली नाही, अक्का बघत होती म्हणून.

पुढच्या वर्षी अक्का भीमजयंतीला घरी आली.

मिरवणुकीला मात्र आली नाही. जेवताना सांगितलं. लॅबमधल्या नव्या मुलीने तोच प्रयोग केला, तर निकाल तसा आला नाही. मग अक्काने स्वतः केला. तिलाही आला नाही. शोधता शोधता कळलं, की आधीच्या वेळी पेशी उपाशी राहिल्या होत्या. त्या ज्या पोषक द्रवात वाढतात, तो बदलायचा राहून गेला होता. पोट भरलेल्या पेशीत निरोप वेगळ्याच वाटेने जात होता.

म्हणजे तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. आणि तसं ती जर्नलला कळवणार होती.

तिचे सर म्हणाले होते, आधी अमेरिकेला जा, मग बघू.

आबांनी ताट बाजूला सारलं. “तुले कोनी इचारं व्हतं का?”

“नही. आनि कोनी इचारनार बी नही. म्हनीसन मालेच सांगनं पडी.”

आबा उठून हात धुवायला गेले. तिच्याशी बरेच महिने बोलले नाहीत.

तिने कळवलं. अमेरिकेची जागा दुसऱ्याला गेली. सरांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. शेवटी ती जळगावला एका कॉलेजात शिकवायला लागली.

विहारातले नाना एकदा मला म्हणाले, दुसऱ्याची पोरगी चुकली तर ती एकटी चुकते, आपली चुकली तर सगळ्यांची चूक मोजतात, हे तिला कळायला पाहिजे होतं.

मला नानांचा राग आला. त्याहून जास्त अक्काचा आला. कारण नाना खोटं बोलत नव्हते.

मी ते अक्काला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मला चहा विचारला.

जळगावला तिने काम सोडलं नाही. कॉलेजच्या मागच्या खोलीत, मिळेल त्या सामानावर. उपाशी पेशी निरोप वेगळा का ऐकते, एवढंच. त्यावर एक छोटासा पेपर आला. सत्कार नाही, जिलेबी नाही. तो कुणी वाचला का, मला माहीत नाही.

नव्वदच्या दशकात मायची किडनी गेली. सिव्हिलमध्ये आम्ही दोघं तिच्याजवळ होतो. मायने अक्काला विचारलं, “तुन्हा शोधना माले उपेग व्हई का?”

मला वाटलं, अक्का आता तरी खोटं बोलेल. कुणीही बोललं असतं.

“नही माय. तुले नही.”

“मंग कोनले?”

“माले बी माहीत नही.”

 माय अक्काचा हात थोपटत म्हणाली, “मंग कर.”

त्याच आठवड्यात माय गेली.

‘मंग कर’ म्हणजे काय, यावर मी आजवर डोकं खाजवतोय. समजून म्हणाली? लेकीची समजूत काढली? की थकली होती नुसती? अक्काला विचारलं तर म्हणायची, मलाही नाही कळलं रे.

मागच्या पावसाळ्यात ती दवाखान्यातून घरी आली होती. मी शेवटी विचारलंच. अक्का, अमेरिकेचं वाईट वाटतं का गं?

“हो,” म्हणाली. “खूप.”

मग परत तीच वेळ आली तर? तसंच कळवशील?

“हो.”

तेवढ्याच शांतपणे. आणि मग पंखा कमी कर म्हणाली.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. मला हे दोन ‘हो’ एकत्र बसवता येत नाहीत. वाईट वाटतं तर चूक झाली ना? चूक नव्हती तर वाईट का वाटावं?

दुपारी तिचे विद्यार्थी आले होते. त्यातली एक बाई आता नाशिकला लॅब चालवते. रडत होती. मी तिलाच विचारलं, तुमच्या मॅडमनी बरोबर केलं का हो? तिने डोळे पुसले आणि आलेल्यांना पाणी द्यायला उठली.

संध्याकाळी वंदना झाली. सगळे गेले.

अक्का, तुझा अभिमान वाटतो. तुझा रागही येतो. आज दोन्ही घेऊन बसलोय.

जा सुखाने. जयभीम.