ही कुठल्या विहिरीची?

घोरपडवाल्या बाई भाजीचा भाव कधी विचारत नसत. ताजी आहे का, हेही नाही. टोपलीसमोर उभ्या राहत, आधी मान वळवत, मग डोळे, आणि विचारत, "ही कुठल्या विहिरीची?"

वसईच्या बाजारात मी पंधरा वर्षं भाजी विकली. गिऱ्हाइकांचे नाना प्रश्न ऐकले, पण हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, बाई सोवळ्यातल्या असाव्यात. मी जरा तोडूनच म्हटलं, "गिरीजची. ख्रिस्ती माणसांची विहीर आहे, चालेल ना?"

"ते नव्हे," त्या म्हणाल्या. "खोल किती आहे? आणि समुद्र कुठल्या अंगाला?"

मी सांगितलं. त्यांनी भोपळ्याचा पाला आणि शेवग्याचे दोन डहाळे घेतले, मनगटाला गुंडाळलेल्या दोऱ्यांमधला एक निळा दोरा सोडवला आणि जुडी बांधली. पुढच्या बाईकडची जुडी लाल दोऱ्याने बांधली, तिच्या पुढचीची पिवळ्या. चार वाड्यांची भाजी चार रंगांत घेऊन त्या स्टेशनकडच्या आपल्या फ्लॅटवर परत गेल्या. नंतर रोज सकाळी सातला त्या येऊ लागल्या. निळा दोरा कायम माझा.

त्या कुठल्याशा ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भाचा बोटीवर होता. त्याने एका खेपेला बुटाच्या खोक्यातून बोटभर लांबीचे दोन हिरवे सरडे आणून दिले आणि तो पुन्हा बोटीवर गेला. सरडे वाढले ते हात-हात वाढले. ते इग्वाना होते, पण बाजारात तो शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. चार पाय, खरखरीत पाठ, लांब शेपटी, म्हणजे घोरपडच. घोरपड म्हटली की मांस आलं, आणि त्यांच्या इमारतीतली मांजराची पिल्लं दिसेनाशी झाली की बोट बाईंकडे वळायचं. प्रत्यक्षात ती जनावरं पाल्याशिवाय कशाला तोंड लावत नसत.

माझ्या शेजारी अर्नाळ्याची हिराबाय सुकी मासळी घेऊन बसायची. ती बाईंना सोडत नसे. "बाय, तुझ्या घोरपडीला जवळा दे की गो जरासा. नुसता पाला खाऊन मरल ती!" बाई तिच्याकडे मान वळवत, मग डोळे, आणि निघून जात. त्या गेल्या की हिराबाय मला म्हणायची, "ही भाजी इचारत नाय, पानी इचारते. ही काय धड बाय नाय."

पालक मात्र बाई कोणाकडूनच घेत नसत. मी एकदा कोवळी जुडी पुढे केली तर हात मागे घेऊन म्हणाल्या, "पालक हाडं खातो." हिराबायने क्रूस केला, आणि ती तर ख्रिस्तीही नव्हती. पुढे मला अर्थ कळला. दोन सरड्यांपैकी मोरूला त्यांनी सुरुवातीची दोन वर्षं पालकच घातला होता. पालेभाजीत चांगली कुठली, तर पालक, असं आपण सगळेच धरून चालतो. मोरूची हाडं मऊ पडत गेली. शेवटी त्याचा जबडा रबरासारखा वाकायचा, आणि तो त्याही तोंडाने पालकच मागायचा. "माझ्याच हातचं खाऊन गेला," एवढंच त्या म्हणाल्या. दुसरी उरली ती सखू. तेव्हापासून तिच्या तोंडात जाणारं प्रत्येक पान कुठून आलं, हे बाई पाहू लागल्या.

एका मे महिन्यात त्या तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी पाला घेऊन त्यांच्या घरी गेले. दया वगैरे काही नाही, शेवगा मी त्यांच्यासाठीच तोडत होते आणि तो वाया जात होता.

दार त्यांनीच उघडलं. अंगात ताप होता. खोलीत पडदे ओढलेले, पंखा बंद, एक पिवळा दिवा, आणि पेजेच्या भांड्यावरचं झाकण काढल्यासारखी दमट वाफ. बाई म्हणाल्या, "बस." मी बसले. कपाटावर काहीतरी ठेवलेलं दिसत होतं, मला आधी गुंडाळलेली सतरंजी वाटली. मग सतरंजीने माझ्याकडे मान वळवली, नंतर डोळे.

शेपटीसकट माझ्याएवढी लांब असेल. गळ्याखाली पिशवी, पाठीवर करवतीसारखे काटे, कमरेला बांधलेली लाल नाडी. तिने डोळे मिटले, मग हलली नाही. मी पाल्याची पिशवी टेबलावर ठेवायला वाकले, माझी सावली तिच्यावरून गेली, आणि डोळे मिटलेले असतानाच ती दचकली.

"तिला वरूनही दिसतं," बाई म्हणाल्या. "डोक्यावर बघ, एक फिका खवला आहे. सावली तेवढी कळते त्याला."

मग सखू शिंकली. एकदा, दोनदा. समोरच्या आरशावर बारीक शिंतोडे उडाले. तो आरसा मी तेव्हा नीट पाहिला. त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा थर होता, चेहरा दिसणार नाही इतका. बाकीचं घर स्वच्छ होतं. आरशालाच फडकं लागलेलं नव्हतं.

"बोट लाव," बाई म्हणाल्या.

मी लावलं.

"जिभेवर ठेव."

का ठेवलं ते आजही सांगता येणार नाही. मीठ होतं. निव्वळ मीठ.

"अंगात जास्त झालेलं मीठ ती नाकातून टाकते," त्या म्हणाल्या. "चार दोऱ्यांचा पाला मी चार दिवस वेगवेगळा घालते आणि आरसा बघते. निळ्या दोऱ्याच्या दिवशी सगळ्यात जास्त येतं. गेल्या वर्षी इतकं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "सिसील, समुद्र येतोय तुमच्याकडे."

मी घरी येऊन विहिरीचं पाणी प्यायले. गोड होतं. नेहमीसारखं गोड. पण धाकटा दीर पास्कू दीड वर्षापासून टँकरवाल्यांना पाणी देत होता. नव्या इमारतींना पाणी लागत होतं आणि आमची मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुरगुरत असे. वाडीतल्या बावखलाचंही त्याचं ठरत आलं होतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं वाडीतलं तळं. ते मुरतं म्हणून विहिरी गोड्या राहतात, असं जुनी माणसं सांगत. पास्कूला ते डासांचं डबकं वाटत होतं. भराव टाकला की चार खोल्यांची जागा निघत होती.

मी जेवताना विषय काढला. पास्कू हसून हसून ठसकला. "बाबा, ऐकलंत? पाल बोलते आणि वहिनी ऐकतात!" नवरा मुंबईच्या नोकरीतून दमून आलेला, त्याने ताट पुढे ओढलं. सासरे म्हणाले, "पाणी गोड आहे ना? मग जेव."

त्यानंतर बाईंनी माझ्याकडून पाला घेणं थांबवलं. रोज सातला येत, माझ्या टोपलीसमोर थांबत, मान वळवत, डोळे वळवत, आणि काही न घेता पुढे जात. राग नव्हता त्यात. आजाऱ्याच्या खाटेशी थांबावं तशा थांबत. महिनाभरात इतर गिऱ्हाइकंही माझ्यासमोरून जरा लवकर सरकू लागली. मी एकदा चिडून विचारलं, "बाई, रोज काय बघता?"

"मुळ्याच्या पानांच्या कडा," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. कडा करपल्या होत्या. अगदी बारीक, शिवणीतून दोरा निघावा तेवढ्या. ते ऊन नव्हतं. मी वाडीत वाढलेली आहे, उन्हाने करपलेलं पान मला कळतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. ती वाडी गेली असती तर आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास भरावाचे दोन डंपर बावखलाच्या काठाला रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी बाजारात मी बाईंना तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिसरा कधी येणार?" मी म्हटलं, "आज दुपारी."

दुपारी त्या रिक्षाने आल्या. मांडीवर झाकणाची मोठी टोपली. पास्कू, सासरे, डंपरचा ड्रायव्हर, आम्ही सगळे काठावर होतो. बाईंनी कोणाला नमस्कार केला नाही. टोपली जमिनीवर ठेवली आणि झाकण उचललं.

सखू बाहेर आली. उन्हात ती अगदी हिरवी दिसली, खोलीत इतकी दिसली नव्हती. ती जिभेने माती चाटत चाटत निघाली. विहिरीच्या कठड्याशी थांबली, तोंड फिरवलं. मग वाकडीतिकडी न जाता थेट बावखलाकडे गेली. काठावर तिने मान तीन वेळा वर-खाली केली आणि पाण्यात उतरली. आवाज झाला नाही. पाण्यावर एक रेघ उमटली, मध्यापर्यंत गेली आणि मिटली.

पास्कूचा चेहरा उतरला होता. "बाई, जाळं आणू? काढू बाहेर?"

"नको. ती बघते आहे."

"काय बघते आहे?"

बाई काठावरच्या धुण्याच्या दगडावर बसल्या. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. पाणी एकदाही हललं नाही, बेडूकसुद्धा ओरडला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आत जीव आहे, मी नाही ओतणार वर," आणि भरलेला डंपर परत घेऊन गेला. सासरे पास्कूला म्हणाले, "बाईंचं जनावर बाहेर येईपर्यंत एक घमेलं पडायचं नाही. जिवंत पुरायचं पाप मला नको."

ते जनावर बाहेर आलं नाही. त्यामुळे भरावही पडला नाही. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी टँकरही बंद केला. त्या पाण्याला हात लावायला त्यांना बरं वाटेना.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सखूच्या कमरेची लाल नाडी त्या दिवशी नव्हती. घरातल्या घरात जी बाई नाडी सोडत नसे, ती उघड्या वाडीत सोडून आणते? मी नंतर विचारलं. बाई म्हणाल्या, "मोरू माझ्या चुकीने गेला. ही कामाला गेली."

पुढची दोन वर्षं त्या बाजारात न येता थेट वाडीत येत. शेवगा, भोपळ्याचा पाला, जास्वंदीची दोन फुलं बावखलाच्या धुण्याच्या दगडावर ठेवत, थोडं थांबत आणि जात. दुसऱ्या दिवशी दगड रिकामा असे. आमच्याकडे बदकं होती, घुशी होत्या, शेजारची गाय सुटायची. कोणीही खाल्लं असेल. फक्त जास्वंद नेहमी आधी संपायची आणि शेवग्याचे देठ एका बाजूला राहायचे. बाईंच्या घरीही सखूच्या ताटलीत तसेच राहत, असं त्या सांगत.

मग त्यांचे गुडघे गेले. भाचा येऊन त्यांना चिपळूणला घेऊन जाणार होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या रिक्षाने आल्या आणि मनगटावरचे उरलेले निळे दोरे माझ्या हातात दिले.

"पालक नको घालू."

"माहीत आहे, बाई."

"आणि दगड धुऊ नकोस."

मी हो म्हटलं. त्यांनी पाण्याकडे मान वळवली, मग डोळे. रिक्षात बसताना मागे पाहिलं नाही. वर्षभरात त्या गेल्याचं भाच्याचं पत्र आलं. त्या दिवशी मी जास्वंदीची दोनऐवजी चार फुलं ठेवली.

आता आमच्या आजूबाजूच्या तीन विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. त्या वाड्यांत माडसुद्धा पिवळे पडले. आमची विहीर गोडी आहे. लोक पास्कूला कारण विचारतात, तो म्हणतो बावखल राखलं म्हणून, आणि ते खरंच आहे. असलं जनावर फार तर वीस वर्षं जगतं, असं मला कोणीतरी सांगितलं. सखूची वीस कधीच होऊन गेली.

मी दगड धुतलेला नाही. सकाळी पाला ठेवायला जाते तेव्हा कधी तो कोरडा असतो, कधी त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. मी बोट लावते, जिभेवर ठेवते. फार खारट लागलं तर घरी येऊन पास्कूला सांगते, चार दिवस मोटर लावू नको. तो आता हसत नाही.