बॉल अंगावर घेणाऱ्या पोरी

पीटी टीचरच्या कपाटात कप किती येतील सांगता येत नाही, पण किस्से मात्र न मागता जमत राहतात. मी बेळगावातल्या एका हायस्कूलमध्ये मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. त्यातही माझं खास काम म्हणजे कॅचर तयार करणं. कॅचरनं बॅटरच्या मागं बसायचं आणि बॉल टप्पा खाऊन आला, तर पकडायच्या नादी न लागता गुडघ्यांवर पडून अंगानं अडवायचा. ह्याला ब्लॉकिंग म्हणतात. सांगायला एवढंच!

*

पहिल्या वर्षी हेल्मेट आणि छातीची पॅडं मागितली, तर हेडमास्तर म्हणाले, "सॉफ्टबॉलच ना? मग एवढं कशाला हो?"

मी बॉल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर आपटून बघितला. टेबलावरची काच गेली!

"दोन सेट मागवा," म्हणाले.

*

येळ्ळूरची श्रावणी शेतकऱ्याची पोर, अंगानं दणकट. पण बॉल आला की डोळे गच्च मिटायची.

"अगं, डोळे का मिटतीस?"

"मी मिटत न्हाय टीचर, त्येच मिटत्यात!"

मग तिला टेनिस बॉलवर घेतलं. हात पाठीमागं, बॉल नुसता छातीनं अडवायचा. असं पंधरा दिवस चाललं. एकदा तिची आई राहिलेला डबा द्यायला आली आणि गेटातूनच ओरडली, "टीचर! काय केलंय पोरीनं? हात मागं घ्यायला लावून मारायलासा!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात श्रावणीच ओरडली, "आई, गप बस गं! आज पयल्यांदा डोळं उघडं राहिल्यात!"

*

जांबोटीच्या साक्षीचा किस्सा धारवाडकडच्या टीमबरोबरच्या मॅचमधला. त्यांची रनर तिसऱ्या बेसवर होती, म्हणजे साक्षीजवळच्या होमवर पोचली की एक रन. बॉल साक्षीच्या पायांमधून मागं निसटला. त्यांचे कोच कन्नडमध्ये ओरडले, "ओडु! ओडु!" म्हणजे, पळ! रनर सुटली.

बॉलमागं धावता धावता साक्षीनंही कन्नडमध्येच आरोळी ठोकली, "निल्लु!" थांब! रनर बिचारी मधेच थांबली. साक्षीनं बॉल उचलून तिला आउट केलं.

केवढा गोंधळ! अंपायरनी साक्षीला बोलावलं. "रनरला का फसवलंस?"

"न्हाय सर, मी बॉलला थांब म्हटलं."

"बॉलला कन्नड कळतंय काय?"

"बॉल त्यांचाच हाय, सर!"

अंपायर पोट धरून हसले. पण रन त्यांना दिलाच. आम्ही त्या एका रननं हरलो.

*

प्रणालीच्या वडिलांचं शहापुरात साड्यांचं दुकान. एका दुपारी ते सराव चालू असताना मैदानावर आले. इस्त्रीची पांढरी पँट, हातात अर्ज.

"टीचर, हिचं नाव टीममधनं काढा. हातापायावर काळंनिळं डाग. पावणं विचारायलेत, घरात पोरीला मारतासा काय म्हणून!"

प्रणालीनं सगळं ऐकलं. ती कॅचरच्या जागेवरून हलली नाही.

मी म्हटलं, "आजचा सराव पुरा होऊ दे. मग घेते अर्ज."

ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. मी टप्प्याचे बॉल टाकत होते. प्रणाली डावीकडं पडली, उजवीकडं पडली, एकेक बॉल अंगावर घेतला. दर बॉलला वडिलांचा चेहरा कसनुसा व्हायचा.

शेवटी एक बॉल खड्यावर आपटून वाकडा उडाला आणि तिच्या खांद्यावरून मागं गेला.

वडील धाडकन दोन्ही गुडघ्यांवर पडले! बॉल त्यांच्या छातीवर आपटला, उसळून हनुवटीला लागला आणि समोरच पडला.

मी आणि प्रणाली धावलो. ते तसेच तांबड्या मातीत गुडघे टेकून हनुवटी चोळत बसले होते. अर्ज खाली पडला होता. त्यांनी बॉल उचलून प्रणालीच्या हातात दिला.

"हनुवटी कुठं ठेवायची असती गं?"

"खाली, आप्पा. छातीला टेकवून."