चौथ्या बरणीतलं पाणी

तळ्यावरच्या अण्णांचं तोंड म्हणजे तोफखानाच. माशांची बोटभर पिल्लं वाढवून विकायची, हा त्यांचा धंदा. पण गेले काही उन्हाळे ऊन तापलं की पिल्लं पोट वर करून तरंगायची. आणखी एक उन्हाळा तसाच गेला असता, तर अण्णांना तळं सोडावं लागलं असतं.

संशय लाँड्रीवाल्या ताईंवर. त्यांचं साबणाचं पाणी ओढ्यातून तळ्यात येई. अण्णांनी भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. पाणी तपासलं, तर मर्यादेत. मग रंगारी, मग फळबागेतला फवारणीवाला. त्यांचंही पाणी मर्यादेतच. आता आली का पंचाईत? शिव्या तयार, पण घालायच्या कोणाला?

शेवटी पाणी तपासणाऱ्या बाईंनी सगळ्यांना तळ्यावर बोलावलं. तीन बरण्यांत तिघांचं पाणी वेगवेगळं, चौथीत तिघांचं मिळून. प्रत्येकीत एकेक मासा. सावलीत चारही मजेत होते. बरण्या उन्हात ठेवल्या, पाणी कोमट झालं आणि चौथीतला मासा धापा टाकत कलंडला. बाकीचे पोहतच होते.

"एकट्याचा दोष कोणाचाच नाही," बाई म्हणाल्या. "तिघांचं थोडं थोडं एकत्र येतं, त्यात पाणी तापतं. उन्हाळ्यापुरता एकानं जरी हात आखडता घेतला, तरी मासे तगतील."

रंगाऱ्यानं खाली पाहिलं, फवारणीवाल्यानं घड्याळात. ताई म्हणाल्या, "हॉटेलच्या चादरी मी उन्हाळाभर घेत नाही." ते त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

ऊन तापलं, पण पिल्लं जगली. पहिली विक्री झाल्यावर अण्णा दोन मोठे मासे घेऊन लाँड्रीत गेले.

"मी मासे खात नाही हो, अण्णा," ताई इस्त्री फिरवत हसल्या.

अण्णा तसेच उभे. डोळे भरून आले. "तुम्हाला नाही नाही ते बोललो मी. आणि तुम्हीच माझं घर राखलंत. कसे उपकार फेडू?"

"जा हो, काहीतरीच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा हातगाडीवर पिंपं घेऊन हजर. "ताई, हॉटेलच्या चादरी पुन्हा धुवायला घ्या. तुमचं पाणी ओढ्यात नको, या पिंपांत सोडा. मी माळावर नेऊन ओततो."

"रोज?"

"रोज. दर उन्हाळ्यात. अंगात जोर आहे तोवर."

ताईंनी नळी पिंपात सोडली. पिंपं भरली तशी गाडी जड झाली, जागची हलेना. ताईंनी मागून हात लावला.