कोर्टात सुजितच्या मागे बसलेली माणसं

काळेवाडीतून मंजुळाबाईंचे डबे चाकणच्या कारखान्यांत पहिल्या शिफ्टला जातात. नवरा गेल्यावर त्या बीडहून लहानग्या सुजितला घेऊन इथं आल्या आणि पोळ्या लाटून त्याला इंजिनीअर केलं. पुढं तो अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात लागला.

गेल्या हिवाळ्यात तो कारखाना बंद पडला. सुजितला दुसरी नोकरी मिळाली, पण तिथं राहायची नवी परवानगी हातात पडायच्या आत जुनीची मुदत संपली. कामावर जातानाच त्याला रस्त्यात धरलं आणि परदेशी लोकांच्या कोठडीत टाकलं. तिथं त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्रानं फोनवर ही बातमी दिली.

मंजुळाबाईंनी गल्लीत कुणाला काही कळू दिलं नाही. कुणी विचारलं तर सांगायच्या, त्याचा ओव्हरटाइम चालू आहे. पण डब्यात करपलेल्या पोळ्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांचाच डबा खाणारी निशिगंधा घरी आली. ती पिंपरीच्या दवाखान्यात नर्स, मराठी ख्रिस्ती घरातली. तिच्यापुढं मात्र मंजुळाबाईंना रडू आवरलं नाही.

थोड्याच दिवसांत सुजितच्या तिथल्या वकिलानं कळवलं की तिथल्या चर्चची काही माणसं सुजितला कोठडीत भेटायला जातात, आणि त्यांतल्या रूथ नावाच्या म्हाताऱ्या बाईंना त्याच्या आईशी बोलायचं आहे. व्हिडिओ कॉल लागला. निशिगंधा दोन्हीकडचं बोलणं सांगत होती. रूथबाई निवृत्त शिक्षिका. सुजितची तब्येत, जेवण, सगळं त्यांनी सांगितलं. तारखेला आम्ही कोर्टात त्याच्या मागच्या बाकांवर बसणार आहोत, असंही म्हणाल्या.

मंजुळाबाईंना हे उमगेना. कुणी फुकट इतकं का करावं?

"यांना बदल्यात काय पाहिजे, ते सरळ विचार," त्या म्हणाल्या. "आमचा धर्म सोडायचा का?"

निशिगंधा जरा अवघडली, पण तिनं विचारलं. रूथबाईंना राग आला नाही.

"काहीच नको. परक्या मुलखातल्या माणसाला एकटं सोडू नका, असं आमचा देव सांगतो."

"मग त्याला धरणारे कुणाला मानतात?"

मग रूथबाई म्हणाल्या, "त्याच देवाला. आमच्या चर्चमध्येही यावरून भांडणं आहेत. आम्ही कोर्टात जातो म्हणून काहींनी माझ्याशी बोलणं टाकलंय."

त्या उत्तरानं मंजुळाबाईंचा विश्वास बसला. आपल्या माणसांचा राग ओढवून घेणारी बाई खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं.

तारखेच्या दिवशी, तिथं सकाळ आणि इथं दिवेलागण असताना, त्या चूल बंद करून बसल्या होत्या. निशिगंधा ड्युटीवरून थेट आली होती. फोन आला तो सुजितचाच. न्यायाधीशांनी बाकांवरच्या माणसांकडं बघून विचारलं होतं, हे सगळे कोण? वकील म्हणाला, शेजारी. सुटल्यावर त्याला आपल्या घरी ठेवून घ्यायची जबाबदारी रूथबाईंनी उभं राहून घेतली, आणि न्यायाधीशांनी जामीन दिला. महिनाभरानं नवी परवानगीही आली.

त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मंजुळाबाईंनी पुन्हा चूल पेटवली. मग निशिगंधाला म्हणाल्या, "बस पोरी, तुला गरम पोळी करते." शेजारीण दारात डोकावली, तर तिलाही आत बोलावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.