आजोबांची ओली घोंगडी

ओल्या लोकरीचा वास आला की मला पिंपरीतल्या आमच्या चाळीची गच्ची आठवते. आजोबा गावाहून आमच्याकडे राहायला आले होते आणि त्या थंडीत रात्री त्यांचं अंथरूण ओलं होऊ लागलं होतं. आई त्यांची घोंगडी रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवायची, मग आम्ही दोघी ती दोन्हीकडून पिळून गच्चीच्या कठड्यावर टाकायचो. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "परवाच धुतलीत ना? आज पुन्हा?" आजोबा तिथंच उन्हाला बसले होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं, "ही अजून रात्री ओलं करते हो." मी सातवीत होते. गच्चीवर खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणी फिस्सकन हसल्या आणि माझे कान तापले. तेवढ्यात आजोबा काठी टेकत उठले. "पोरीचं काय न्हाई त्यात," ते काकूंना म्हणाले, "म्याच वली करतोय ती." ते जिन्याकडे निघाले तशी मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. मैत्रिणींचं हसणं मी केव्हाच विसरले. पण तो सोडवून घेतलेला हात आठवला की घरात एकटी असले तरी आजही माझी मान खाली जाते.