दुपट्ट्याखालचा पासवर्ड

तुमसरच्या मेश्राम टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी सहा महिने मान वर करून काढले. खाली पाहिलं की पुंडलिकराव मेश्राम सरांची लाकडी पट्टी बोटांवर पडायची. नवख्याच्या हातांवर ते आपल्या खांद्यावरचा दुपट्टा पांघरत आणि म्हणत, "पाहू नको. बोटायले माहीत आहे." माझ्या बोटांना काडीचं माहीत नव्हतं. पण त्याच पट्टीच्या जोरावर मी आज भंडाऱ्याला कारकून आहे, म्हणून तो राग मी गिळला आहे. पचलेला मात्र नाही.

दोन हजार आठ साली टाइपरायटर शिकायला कोणी येईना. शेजारी टेकचंदचं कॉम्प्युटर सेंटर जोरात होतं, आणि त्याला सरांची खोलीही हवी होती. चहाच्या टपरीवर तो रोज विचारायचा, "सर, बोर्ड कवा उतरवता?" एक दिवस सरांचं डोकं सटकलं. "येत्या रविवारी माझ्या इथं कॉम्प्युटर क्लास सुरू होईल. नाही झाला तं बोर्ड मी सोताच्या हातानं उतरवतो, आन् खोली तुले!"

कॉम्प्युटर होता, पण कुठल्याशा पतसंस्थेने अडगळीत टाकलेला. विंडोज घातली की तो अर्ध्या तासाने जागा व्हायचा आणि लगेच पुन्हा झोपायचा. नागपूरला शिकणाऱ्या सरांच्या पुतण्याने, जीवनने, विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटूची सीडी मागवून ठेवली होती. परदेशातून, पोस्टाने, फुकट. सरांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, यातलं काहीच पटलं नाही. "अजी, फुकट कोन देते? उद्या घर लिहून मागतीन!"

जीवनने सीडी चढवली, कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या आणि तो नागपूरला पळाला. मग सरांचं शिक्षण सुरू झालं. आम्हाला जन्मभर खाली पाहू न देणारा माणूस दोन दिवस पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण शोधत बसला. मेनू वर होता. हे ऐकून मला फार बरं वाटलं. उबुंटूत सी ड्राइव्ह नसतोच; तो सापडेना तेव्हा सरांना चोरीचा संशय आला. आणि ओळ संपली की टाइपरायटरची दांडी ढकलायला त्यांचा डावा हात आपोआप फिरायचा. दांडी नव्हती, चहाचा ग्लास होता. तीन दिवसांत पाच ग्लास फुटले.

रविवारी सुट्टी म्हणून मीही गेलो. चार पोरं आली होती, त्यांचे आईबाप आले होते, आणि पांढरीफेक पँट घालून टेकचंद. मराठी टाइप होईना. त्यासाठी जीवनच्या कागदावरचा हुकूम, म्हणजे कमांड, मशीनला द्यावा लागणार होता. सरांनी एकेक अक्षर जुळवून तो टाइप केला, तर मशीन पासवर्ड मागू लागलं.

"सरका सर, तुमच्यानं नाही होत," म्हणत टेकचंद खुर्चीत बसला. "पासवर्ड सांगा."

सर ओशाळून पुटपुटले, "ए एस डी एफ जी एफ."

म्हणजे टायपिंगचा पहिला धडा! भंडारा जिल्ह्यातल्या निम्म्या कारकुनांना हा पासवर्ड झोपेतही टाइप करता येतो. टेकचंद मात्र दोन बोटांचा गडी. त्याने ए दाबला. पडद्यावर काही उमटेना, साधा ठिपकाही नाही. त्याने पुन्हा दाबला. मग जोरात दाबला. असं प्रत्येक अक्षराचं केलं. मशीनने दोनदा चूक म्हणून परत पाठवलं.

"कीबोर्ड मेला, सर. फुकटचं असंच राह्यते. उतरवा बोर्ड."

वच्छलाबाई खरंच स्टूल आणायला आत वळल्या. सर दारातून बोर्डाकडे पाहत उभे होते. मला वाईट वाटलं. त्यांच्या हातात पट्टी नव्हती; ती कुठे ठेवली असेल, हा विचार आयुष्यात पहिल्यांदाच मी भीतीऐवजी काळजीने केला.

तेवढ्यात सर वळले. "टेकचंद, अक्षर दिसतच नाही म्हन्तो?"

"नाही न जी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"मंग ऊठ. हे तं माझंच मशीन आहे."

सर बसले. कीबोर्डवर दुपट्टा पांघरला, मान वर केली आणि भिंतीकडे पाहत सहा अक्षरं ठोकली. मग एंटर. आणि ओळ संपली म्हणून डावा हात फिरला. सहावा ग्लास टेकचंदच्या पांढऱ्या पँटवर रिकामा झाला, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. कीबोर्ड मेला नव्हता; ते मशीन पासवर्ड न दाखवताच घेत होतं. वच्छलाबाई स्टूल घेऊन आल्या, तेव्हा सरांनी त्यावर पहिल्या पोराला बसवलं.

पुढच्या रविवारी गेलो तर बोर्ड जागेवर होता, फक्त टायपिंगच्या आधी कॉम्प्युटर हा शब्द दाटीवाटीने बसवलेला. आत पाचवा विद्यार्थी टेकचंद होता. "माह्या सेंटरमधले पोट्टे हासून राहिले जी माह्यावर," तो मला हळूच म्हणाला. त्याचे दोन्ही हात दुपट्ट्याखाली होते. बोलता बोलता त्याने दुपट्ट्याचं टोक जरासं उचललं आणि खाली पाहिलं.

पट्टी कुठे ठेवली आहे, ते मला तेव्हा कळलं.